आडवी डहाळी

मला अक्षरं आली तेव्हा माझं वय बेचाळीस होतं, आणि ती आधी उलटी आली.

त्याआधी वीस वर्षं मी कोल्हापूर संस्थानच्या शिकारखान्यात माग काढायच्या कामावर होतो. राधानगरीच्या वर, दाजीपूरच्या रानात गवा कुठून गेला, कधी गेला, एकटा होता की कळपात, चरत गेला की बुजून गेला, हे जमिनीकडं बघून सांगायचं. दुसरं काही मला येत नव्हतं. एकोणपन्नास साली संस्थान विलीन झालं आणि शिकारखाना मोडला. ज्यांना शेती होती ते शेतावर गेले. मला शेती नव्हती, बायको आधीच वारली होती, मूलबाळ नव्हतं. ओळखीच्या एकानं मला शुक्रवार पेठेत त्र्यंबकरावांच्या छापखान्यात कागदाची रिमं उचलायच्या कामाला लावून दिलं. अठ्ठेचाळीसच्या जाळपोळीत तो छापखाना जळाला होता आणि त्यांनी नुकताच तो परत उभा केला होता. भिंतींना नवा चुना होता, वरच्या तुळया अजून काळ्या होत्या.

त्र्यंबकरावांची विधवा बहीण पद्मजाबाई तिथं मुद्रितं तपासायच्या. दुपारी शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवणारे जेवायला बसले की मी खिळ्यांच्या खणांपुढं उभा राहून बघत असे. एकदा त्यांनी विचारलं, "एवढं काय बघता, आकाराम?"

मी एक खिळा उचलून म्हणालो, "बाई, ह्यो खूर कुठल्या जनावराचा?"

त्या हसल्या. "हा 'ग'. गव्याचा 'ग' म्हणा."

"अवो पण दारावरच्या पाटीवर असला एक बी खूर न्हाई."

"खिळा उलटाच असतो. कागदावर सुलटा उठतो."

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. खिळा म्हणजे खूर आणि कागदावर उठतो तो माग. त्या दिवसापासून पद्मजाबाई मला रोज दोन अक्षरं दाखवू लागल्या. वर्षभरात मी दुकानांच्या पाट्या वाचू लागलो, दुसऱ्या वर्षी वर्तमानपत्र. जेवणाच्या सुट्टीत मी जुळाऱ्यांना रानातल्या गोष्टी सांगत असे. त्या ऐकून त्र्यंबकराव एक दिवस म्हणाले, "जे तोंडानं सांगतोस ते लिही. मी मासिकात छापतो."

"मालक, मला ऱ्हस्व-दीर्घ कळत न्हाई."

"ते पद्मा बघेल. तिला गवा माहीत नाही, तुला वेलांटी माहीत नाही. दोघांचं मिळून एक होईल."

असं माझं लिहिणं सुरू झालं. अस्वलाची गोष्ट आली, रानडुकराची आली, पुरात वाहून आलेल्या सांबराची आली. महाद्वार रोडवर लोक मला ओळखायला लागले. न्हाव्याच्या दुकानात नंबर नसताना खुर्ची मिळू लागली. मी काळा कोट शिवला. रिमं उचलायचं काम सुटलं आणि मला खिडकीपाशी एक टेबल मिळालं. हे सगळं मला आवडत होतं, नाही म्हणणार नाही.

त्रेपन्न सालच्या आरंभी त्र्यंबकराव म्हणाले, "आता कादंबरी हवी. मोठं जनावर, मोठं संकट आणि कधी न चुकणारा एक शिकारी."

माझ्याकडं मोठी गोष्ट एकच होती आणि ती मी कुणाला सांगितली नव्हती.

ती पंचेचाळीस सालची. शिकारखान्यात माग काढणारे आम्ही दोघं होतो, मी आणि गणपतराव. तो शेजारच्या गावचा, माझ्याहून चार वर्षांनी मोठा. मला निम्मी विद्या त्यानंच दिली होती. दिवाळीनंतर बाहेरच्या संस्थानचे एक पाहुणे शिकारीला आले होते. सकाळी ओढ्याच्या काठी मला खुराची खूण दिसली आणि मी घाईनं सांगितलं, गवा आहे, ताजा आहे. गणपतराव वाकला, बघितलं आणि सगळ्यांच्या देखत म्हणाला, "आकाराम, ही गवळ्याची म्हस हाय. जा, धार काढायला चरवी घिऊन ये."

रान उठवणारे हाकेकरी हसले. पाहुण्यांना मराठी येत नव्हतं. त्यांना कुणीतरी समजावून सांगितलं, मग तेही हसले. गणपतरावाच्या मनात काही नव्हतं. दिवसातून चारदा तो अशी कुणाची तरी चेष्टा करायचा. पण चूक माझी होती आणि ती पाहुण्यांपुढं दिसली, ते मला झोंबलं.

दुपारी पाहुण्यांच्या गोळीनं एक थोराड गवा जखमी झाला. जखमी जनावरामागं जायची आमची रीत होती. एक मागकरी बंदूकवाल्याला घेऊन पुढं जायचा, दुसरा बाकीच्या माणसांना घेऊन अर्ध्या तासानं मागून यायचा. वाटेला फाटा फुटला आणि एका वाटेनं जनावर आत बसलंय असं दिसलं, की पुढच्यानं त्या वाटेवर ओली डहाळी तोडून आडवी टाकायची. मागून येणाऱ्याला ती दिसली की तो त्या वाटेला जात नसे. हे कुठं लिहिलेलं नव्हतं. शिकारखान्यात पाय ठेवला की आधी हेच शिकवत.

त्या दिवशी पुढं मी होतो. एका उताराच्या पायथ्याला वाट फुटली. रक्त डावीकडं कारवीच्या दाटीत गेलं होतं. दांडे मोडून पडले होते, त्यांच्या मोडीतून अजून पाणी सुटत होतं, आणि आत एक पाखरू बोलत नव्हतं. गवा तिथंच बसला होता. पाहुण्यांना घेऊन मी उजवीकडून वर चढायचं ठरवलं. डहाळीकडं माझा हात गेला. आणि मी तो मागं घेतला. मनात म्हणालो, येऊ दे हुडकत. म्हस हाय का गवा, बघू दे की आता त्याला.

मला वाटलं होतं तो फाट्यावर थांबेल, खाली बघेल, त्याला कळेल. दुसरा कुणी पुढं असता तर तो थांबलाही असता. पण पुढं मी होतो. डहाळी नाही म्हणजे वाट मोकळी, असं समजून तो खाली न बघता आत शिरला.

आम्ही वर चढत होतो तेव्हा खालून आवाज आला. खाली उतरून येईपर्यंत गणपतराव संपला होता.

डहाळीचं मला कुणी विचारलं नाही. जनावर उलटलं, असंच सगळे म्हणाले. मीही तेच म्हणालो. गणपतरावाची बायको झुंबरबाई. तिनं त्या दिवशी मला एवढंच विचारलं, "भावजी, म्होरं तुम्ही हुतासा न्हवं?" मी म्हणालो, "व्हय वैनी."

कादंबरीत मी हे सगळं घातलं. नावं बदलली. शिकाऱ्याला रणजित केलं, गणपतरावाला धोंडबा. डहाळी मी वगळू शकलो असतो. कोल्हापुरातल्या वाचकाला त्या रितीची काय माहिती? पण पद्मजाबाईंनी नवव्या प्रकरणाच्या समासात तांबड्या पेन्सिलीनं लिहिलं होतं, "इथं रानातली एखादी खास गोष्ट हवी." आणि तोवर मलाही ती हाव सुटली होती. दुसऱ्या कुणाला माहीत नाही ते आपण सांगावं आणि लोकांनी तोंडात बोट घालावं. म्हणून डहाळी घातली. डहाळी घातल्यावर ती कुणी टाकली आणि कुणी चुकवली, हे सांगणं आलं. मी लिहिलं, "रणजितने डहाळी आडवी टाकली. धोंडबाला ती दिसली नाही." पद्मजाबाईंची पेन्सिल त्या दोन वाक्यांवरून गेली. एकही चूक निघाली नाही.

पुस्तक दिवाळीला निघालं आणि चाललं. डहाळीचा प्रसंग लोक एकमेकांना सांगू लागले. दुसरी आवृत्ती काढायचं ठरलं.

पुढच्या थंडीत एका दुपारी झुंबरबाई छापखान्यात आली. बरोबर तिचा धाकटा दीर सयाजी होता, तिशीचा, अंगानं थेट गणपतराव. त्र्यंबकरावांनी खुर्ची दिली, ती त्यावर बसली नाही. दाराजवळच्या कागदाच्या गठ्ठ्यावर टेकली.

"भावजी, वळखलं का?"

"वैनी, असं काय इचारताय?"

"न्हाय, मोठं झालासा आता. कोटबीट. आमच्या चावडीत मास्तर तुमचं बुक वाचून दावतोय. समदा गाव ऐकतोय."

"ऐकतोय आणि माझ्याकडं बघून हसतोय," सयाजी म्हणाला. तो उभाच होता. "नावं बदलली म्हणून काय झालं? शिकारखान्यात मागकरी दोनच हुतं. एक तुम्ही आणि दुसरा मेला त्यो. पोरंसोरं वाटंत काटक्या आडव्या टाकत्यात आणि म्हणत्यात, सयाजी, दिसली का रं?"

"सयाजी, दमानं," झुंबरबाई म्हणाली.

"काय दमानं? जंगलखात्यात राखणदाराची जागा निघाली, दादा. मी गेलतो. रेंजरसायबानं नाव इचारलं, गाव इचारलं. म्हणाला, म्हंजी त्या बुकातल्या धोंडबाचा भाऊ तू? ज्याला डहाळी दिसली न्हाई त्यो? आणि हसला की! म्हणाला, बाबा, रानात डोळं लागत्यात." बोलता बोलताच तो पायऱ्या उतरून रस्त्यावर जाऊन उभा राहिला.

झुंबरबाई माझ्याकडं बघत होती. "मी एकच इचारायला आलीया. आमच्या मालकास्नी डहाळी दिसली न्हाई, ह्ये खरं हाय का?"

माझ्या आधी त्र्यंबकराव बोलले. "अहो बाई, ही कादंबरी आहे. कादंबरीत सगळं कल्पनेचंच असतं."

"समदं? रान तर खरं हाय. वढा खरा हाय. गवा खरा हाय. माझं कपाळ बघा, ते बी खरं हाय. मग तेवढी डहाळीच कशी खोटी, मालक?"

त्र्यंबकराव आत निघून गेले. यंत्र चालू होतं, त्यामुळं आमचं बोलणं बाकी कुणाला ऐकू जात नव्हतं.

मी म्हणालो, "वैनी, त्यांनी डहाळी चुकवली न्हाई. डहाळी नव्हतीच. मी टाकली न्हाई."

ती हळू म्हणाली, "ईसरला असशीला."

मी हो म्हणालो असतो तर ते तिथंच मिटलं असतं. तिनं ते शब्द अशा रितीनं माझ्यापुढं ठेवले होते की मी नुसतं उचलावं. पण मी म्हणालो, "न्हाई. ध्यानात हुतं."

"मग?"

"सकाळी त्यांनी माझी चेष्टा केलती. समद्यांच्या देखत. म्हशीवरनं."

"म्हशीवरनं," ती म्हणाली. तो शब्द तिनं असा उच्चारला, जणू तिला अजून पुढं काही ऐकायचं होतं. पुढं सांगण्यासारखं माझ्याकडं काही नव्हतं.

ती उठली, पदर सारखा केला. "ह्ये लिवा," म्हणाली.

"लिहितो, वैनी."

तिनं दारातून हाक मारली, "सयाजी, चल. पावण्यास्नी कामं हाईत."

तोवर तिनं मला कायम भावजीच म्हटलं होतं.

त्या आठवड्यात मी नववं प्रकरण नव्यानं लिहिलं. जसं झालं तसं, म्हशीसकट. पद्मजाबाईंनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, "भाषा चांगली उतरली आहे. पण आकाराम, हे फार रचलेलं वाटतं. एवढ्याशा चेष्टेवरून कुणी असं करतं का? पहिलं जास्त खरं होतं."

"बाई, पहिलं खोटं हुतं. ह्ये खरं हाय."

त्यांनी चष्मा काढून माझ्याकडं बघितलं. त्यांनी खरं मानलं की नाही, मला आजवर कळलेलं नाही. त्र्यंबकरावांनी मात्र चार ओळी वाचून कागद परत दिले. "नायक घाबरला तर चालतं. चुकला तरी एखाद्या वेळी चालतं. पण डूख धरून जोडीदाराला मरू देतो? लोक पुस्तक माझ्या अंगावर फेकतील. शिवाय दुसऱ्या आवृत्तीचे फर्मे छापून झालेत." मग जरा नरम होऊन म्हणाले, "त्या बाईचं तुला वाईट वाटलं, हे मी समजू शकतो. त्या माणसाच्या नोकरीसाठी रेंजरला एक पत्र लिही. तू आता लेखक आहेस. तुझ्या पत्राला वजन आहे."

मी पत्र लिहिलं. शुद्धलेखन कुणाकडून तपासून घेतलं नाही. सगळं खरं लिहिलं, खाली सही केली आणि एस.टी.नं स्वतः ते घेऊन गेलो.

रेंजरसाहेब तरुण होते, वाचनाचे शौकीन. माझं नाव ऐकून खुर्चीवरून उठले, चहा मागवला. पत्र त्यांनी माझ्यासमोर वाचलं. वाचून झाल्यावर काही क्षण ते माझ्याकडं बघत राहिले आणि मला वाटलं, पोचलं.

"मेलेल्या मित्रासाठी एवढा कमीपणा स्वतःकडं घेणारा माणूस मी पाहिला नव्हता," ते म्हणाले.

"साहेब, मी कमीपणा घेत नाही. झालं तसं लिहिलंय."

"असं तुम्ही म्हणणारच."

"साहेब, मी शपथ घेतो."

"अहो, शपथ कशाला? मी पुस्तक तीनदा वाचलंय. तुमच्यासारखा माणूस असं करेल?" त्यांनी पत्राची घडी घातली. "त्या सयाजीला घ्यायचं, एवढंच ना? घेतो. तुम्ही शब्द टाकलात, विषय संपला."

"माझ्या शब्दावर नको. त्याच्या भावाची नजर चुकली नव्हती, म्हणून घ्या."

"तेच ते," ते हसून म्हणाले. मग कपाटातून पुस्तक काढून त्यांनी माझ्यापुढं ठेवलं आणि पहिलं पान उघडून टाक पुढं केला. मी सही केली.

तिथून मी सयाजीच्या गावी गेलो. दुपार ढळली होती, चावडीत पाच-सहा माणसं होती, मास्तर होते. मी उभ्यानंच सांगितलं. डहाळी टाकायचं काम माझं होतं आणि मी ती मुद्दाम टाकली नाही. गणपतराव चुकला नाही, मी चुकलो, आणि पुस्तकात खोटं लिहिलं.

सगळे शांत ऐकत होते. मी थांबल्यावर मास्तर म्हणाले, "वा! हे दुसऱ्या भागात येणार का?"

बाळासो नावाचा एक म्हातारा खांबाला टेकून बसला होता. तो म्हणाला, "सांगतोय झ्याक. मला तर वाटलं, खरंच की काय."

"बाळासो, खरंच हाय."

"व्हय की, व्हय की. त्ये अस्वलाचं बी सांगा आता."

माणसं हसली. त्यांच्या हसण्यात वाईट काही नव्हतं. मी त्यांचा पाहुणा होतो, पुस्तकवाला होतो, त्यांना माझं कौतुक होतं. एवढ्यात सयाजी आला. रेंजरच्या शिपायाकडून त्याला नोकरीचं कळलं होतं. त्यानं वाकून माझ्या पायाला हात लावला.

"सयाजी, ऐक माझं. तुझा भाऊ..."

"दादा, बास." त्यानं माझा हात दोन्ही हातांत धरला. "छापखान्यात मी रागानं बोललो, त्ये मनावर घिऊ नगासा. माझ्यासाठी सायबाकडं गेलासा. आता आणि सोताच्या अंगावर कशाला घेताय? समद्यास्नी कळतंय की."

"मी खरं सांगतोय रं."

"व्हय दादा, व्हय," तो म्हणाला. आजारी वडीलधाऱ्याला म्हणावं तसं.

झुंबरबाईचं घर चावडीपासून चार घरं पलीकडं. ती सोप्यात बसून तांदूळ पाखडत होती. मी अंगणात उभा राहिलो. तिनं वर बघितलं, पण सूप थांबलं नाही.

"चावडीत सांगितलं म्हणं."

"सांगितलं. कुणी खरं मानलं न्हाई."

"मी मानलं की," ती म्हणाली. "तेवढं बास न्हाई व्हय तुम्हास्नी?"

मी उभा राहिलो. तिनं सुपातले खडे वेचून अंगणात टाकले, पुढचे तांदूळ घेतले. आमच्याकडं परका माणूस दारात आला तरी आधी पाण्याचा तांब्या पुढं येतो. तो आला नाही. आणखी थोडं थांबून मी वळलो.

सयाजी मला एस.टी.पर्यंत पोचवायला आला. माझी पिशवी त्यानं मला उचलू दिली नाही. गाडी आल्यावर कंडक्टरला ओरडून म्हणाला, "लेखक हाईत आमचं, म्होरं बशीव त्यास्नी!" कंडक्टरनं पुढच्या बाकावरच्या एकाला उठवून मला खिडकीशी जागा दिली. मग तिकिटं फाडून झाल्यावर तो माझ्याशेजारी दांडा धरून उभा राहिला आणि म्हणाला, "सायेब, गवा अंगावर येतोय तवा नेमकं काय करायचं वो?"

मी त्याला सांगायला लागलो. मागच्या बाकावरची माणसं पुढं वाकून ऐकू लागली. कोल्हापूर येईपर्यंत मी सांगत होतो.